पाचावर धारण कुणाची बसली?

'खालीलपैकी कोणत्याही पाच वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' पाचवी-सहावीपासून हा प्रश्न आपल्या पाठीस लागलेला आहे, आणि त्याचे पाच गुण आपण सर्वांनी बिनबोभाट पदरात पाडून घेतले आहेत. गाईडात दिलेलेच असते : पाचावर धारण बसणे - अतिशय घाबरणे. वाक्य : वाघ दिसताच रामूची पाचावर धारण बसली. आपण ते पाठ करतो, रामूला वाघ दाखवतो आणि मोकळे होतो. पाच म्हणजे कसले पाच, धारण म्हणजे काय, आणि ती बसते म्हणजे नेमके काय होते, हे मी इतक्या वर्षांत कुणाला विचारले नाही. मलाही कुणी विचारले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन लातूरच्या आडतीवर गेलो होतो. सौदा निघायला अवकाश होता. दुकान आता मुले पाहतात, पण ऐंशी ओलांडलेले मुनीमकाका सवयीने रोज येऊन गादीच्या कडेला बसतात. तेवढ्यात कुणीतरी भाव पडल्याची बातमी आणली आणि आमच्या शेजारी बसलेले एक शेतकरी म्हणाले, "झालं! आमची तर पाचावर धारण बसली."

मुनीमकाका हसले. "पाचावर बसली असती तर तुझी चांदी झाली असती की रे बाबा!"

कुणालाच काही कळले नाही. मग काकांनी जे सांगितले, ते थोडक्यात असे. धारण म्हणजे धान्याचा चालू भाव. आज आपण भाव रुपयांत सांगतो, क्विंटलला इतके. पूर्वी तो मालात सांगत, रुपयाला इतके शेर किंवा इतक्या पायल्या. म्हणजे महागाई वाढली की आकडा वर जात नसे, खाली येई. ज्वारी रुपयाला पंधरावरून दहावर आली, दहावरून पाचावर आली आणि तिथेच बसली, हलेना, म्हणजे दुष्काळ दारात आला. "ऐकून पोटात गोळा यायचा, पण कुणाच्या? इकत घेऊन खाणाराच्या. ज्याच्या पेवात दाणे, तेला कशाला भ्याव?"

पुढे नांदेडला परत आल्यावर ग्रंथालयात मोल्सवर्थचा कोश काढून पाहिला. १८३१ साली पहिली आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती निघालेला हा मराठी-इंग्रजी कोश. त्यातही 'धारण' या शब्दाला धान्याचा चालू भाव हाच अर्थ दिलेला आहे. मुनीमकाकांनी मोल्सवर्थ वाचला असण्याचा संभव नाही.

माझे म्हणणे या प्रसंगातूनच निघाले आहे. म्हणीचा अर्थ पाठ असून भागत नाही, ती प्रथम कुणाच्या तोंडून निघाली ते विचारावे लागते. 'पाचावर धारण बसणे' हे घाबरणे खरेच, पण ते वाघाला घाबरणे नव्हे. ते रोज संध्याकाळी मजुरीच्या पैशातून शेर-दोन शेर ज्वारी घेणाऱ्या माणसाचे घाबरणे आहे. त्याच दिवशी, त्याच बाजारात, त्याच पाचावर कुणाची तरी चांदी होत होती. गाईडातल्या रामूने हे सारे पुसून टाकले.

एकदा हा नाद लागला की बाजार आणि खळे यांतून आलेली भाषा पदोपदी दिसू लागते. असले पुढारी पायलीला पन्नास मिळतात, असे आपण सहज म्हणतो. पायली कुणी पाहिली आहे? मेट्रिक वजने-मापे येऊन साठ वर्षे उलटली. पायली, अधोली, मापटे, चिपटे ही मापे अडगळीत गेली. बोलण्यात मात्र शेरास सव्वाशेर अजून भेटतोच आणि मापात पाप अजून होतेच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तरी गोष्ट सोळा आणे खरी असते; ती शंभर पैसे खरी झालेली मी कुठे ऐकली नाही.

'नावाला बट्टा लागणे' हे तर आपल्या मराठवाड्याने इतरांना समजावून सांगावे असे आहे. एक नाणे देऊन दुसरे घेताना जी कपात सोसावी लागते तो बट्टा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. सोलापूरच्या बाजाराला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसाच्या खिशातला रुपया रुपयाच असे, चांदीचाच असे, पण हद्द ओलांडली की त्याला बट्टा लागे. माणसाचे नाव असेच आहे. ते असते तेच, पण चार लोकांत चालवायला गेले की कमी भरते. 'कलदार' हा शब्दही कल म्हणजे यंत्र यावरून आला. यंत्रावर पाडलेला, कडा कातरता न येणारा रुपया. खणखणीत माणसाला आमच्या गावात अजून कलदार म्हणतात.

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपल्या दोन्ही जिल्ह्यांना फार जवळची. तिचा हिशेब असा. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारे हे अकरा दिवसांचे अंतर भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. त्या वर्षी महिने तेरा. दुष्काळाचे वर्ष आधीच सरता सरत नाही, त्यात आणखी एक महिना, असा अर्थ आपल्याला शिकवतात. पण जरा विचार केला की हा अर्थ लंगडा पडतो. पाऊस अधिक महिना पाहून येत नाही. तो सूर्याच्या, नक्षत्रांच्या चालीने येतो. मृग लागायचा तेव्हाच लागतो. मग या तेराव्या महिन्याचे ओझे नेमके पडते कुणावर? मला वाटते, सालगड्यावर. त्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरते. ठरलेली रक्कम नि ठरलेले धान्य तेवढेच, आणि राबायचे मात्र तेरा महिने. दुष्काळ पडलेला असेल तर धन्याजवळ वाढवून मागायची सोयही नाही. ही म्हण पंचांग पाहणाऱ्याची नसून सालावर राहणाऱ्याची असावी, असे माझे मत आहे. कुणी ते खोडून काढले तर आनंदच होईल.

योगायोग असा की २०१५ साली अधिक आषाढ आला आणि मराठवाड्यात पाऊस आला नाही. म्हण शब्दशः खरी झाली. मार्च २०१६ मध्ये लातूरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वाघ आला तर पळता तरी येते.

आता दुसरी बाजू. म्हणींचा उगम म्हटला की आपल्या लोकांना ताबडतोब राजेरजवाडे आठवतात. सामान्य माणसाने एखादा शब्द घडवला असेल, यावर आपला विश्वासच बसत नाही. गोष्ट चटकदार असली की झाले. हा दोष आपलाच आहे असे नाही. इंग्रजीच्या वर्गात 'रूल ऑफ थम' हा शब्दप्रयोग आला. पूर्वी विलायतेत नवऱ्याला अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारण्याची कायद्याने मुभा होती, त्यावरून तो आला, अशी गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. असा कायदा शोधूनही सापडलेला नाही. हाताच्या अंगठ्याने अदमासे माप घेणाऱ्या कारागिराची साधी गोष्ट कुणाला नको असते. काठीची मात्र हवी असते.

आपली 'ध चा मा करणे' तशीच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला हे खरे. 'धरावे' या हुकुमातला 'ध' पुसून आनंदीबाईने 'मा' केला, ही तिच्यावरची फिर्याद मात्र निर्विवादपणे शाबीत झालेली नाही. राज्य हवे होते राघोबादादांना, तलवारी चालवल्या गारद्यांनी, आणि भाषेत कायमची अडकली ती एक बाई! म्हणी तयार करणाऱ्यांत पुरुषांचा भरणा असावा, हे सांगायला याहून पुरावा कशाला?

संक्रांतीचे उदाहरण तर मोठे बोधक आहे. 'संक्रांत कोसळणे' हे पानिपतावरून आले, कारण १४ जानेवारी १७६१ हा दिवस संक्रांतीचा होता, असे आपण व्याख्यानांतून ऐकतो. पानिपताशी आपले नाते जवळचे आहे, म्हणून ते पटतेही. त्याआधी एक वर्षही पुरे झाले नव्हते, फेब्रुवारी १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी आपल्या उदगिरास निजामाचा पराभव केला. जालना जिल्ह्यातल्या परतुरास त्यांना उत्तरेकडे पाठवायचे ठरले आणि मार्चमध्ये फौज निघाली. पानिपताची वाट मराठवाड्यातून गेली असे म्हणायला हरकत नाही. परंतु तारीख तपासून पाहावी. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणून आज ती १४ किंवा १५ तारखेला येते. म्हणजेच १७६१ साली ती १४ च्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. पानिपताच्या रणावर त्या दिवशी संक्रांत नव्हती. मग वाक्प्रचार आला कुठून? आपल्या पंचांगात संक्रांतीचे वाहन, वस्त्र, ती कोणत्या दिशेला पाहते हे दरवर्षी छापतात, आणि तिची नजर जिकडे तिकडे अनिष्ट, अशी समजूत घराघरांत आहे. संक्रांत वळते, पाहते आणि कोसळते ती या समजुतीतून. पानिपताने तिला फार तर एक इतिहास मिळवून दिला.

राजेरजवाड्यांच्या साऱ्याच गोष्टी खोट्या असतात, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. 'साडेतीन शहाणे' घ्या. सखारामबापू बोकील, नागपूरकरांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे पूर्ण तीन. नाना फडणवीस मुत्सद्दी खरे, पण लढवय्ये नव्हेत, म्हणून अर्धे. यातला विठ्ठल सुंदर १० ऑगस्ट १७६३ रोजी बीड जिल्ह्यात, गोदाकाठी, राक्षसभुवनाच्या लढाईत मारला गेला. पेशव्यांच्या शत्रूचा दिवाण असूनही मराठी माणसांनी त्याला पूर्ण शहाणा मोजले आणि आपल्या नानांना अर्धेच माप दिले. अशी मापे घालणारी भाषा मला आवडते. 'तुघलकी कारभार' या शब्दालाही पत्ता आहे, आणि तो आपल्याच दौलताबादचा आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथे हलवली. फर्मान दिल्लीत निघाले आणि रिकामी घरे उघडून द्यायची पाळी इकडच्या माणसांवर आली असेल. पण त्यांची बाजू सांगणारी एखादी म्हण मात्र माझ्या ऐकिवात नाही.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. 'गोंधळ' या शब्दाचा अर्थ कोणत्याही वर्गात विचारा, उत्तर येईल : गडबड, अव्यवस्था. माहूरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाला विचारा. तो सांगेल, लग्नानंतर घरात घालतात तो देवीचा विधी. रेणुकेचे, तुळजाभवानीचे गोंधळी रात्रभर संबळ-तुणतुण्यावर उभे राहतात, दिवटी पेटलेली असते, गावोगावच्या देवतांना नावे घेऊन बोलावणे होते. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो, आणि अभ्यासक गोंधळाचे नाते त्याच्याशी जोडतात. ती कल्याणी आपल्या निलंगा-उदगिराच्या पलीकडेच आहे. एवढी जुनी, एवढी शिस्तीची ही उपासना. कोणता देव आधी, कोणता मागून, हे गोंधळी चुकत नाही. तिच्या नावाचा अर्थ 'अव्यवस्था' कुणी केला? ज्याला आत बसून ऐकायचे नव्हते, ज्याची झोपमोड होत होती त्याने. 'नमनाला घडाभर तेल' हाही त्याचाच उद्गार असावा; दिवटीतले तेल नमनातच संपले म्हणून कुरकुरणाऱ्याचा. 'उदोउदो करणे' या शब्दांत आज जी खुशामतीची दुर्गंधी आहे, ती आमच्या आजीच्या 'उदो'त कधीच नव्हती.

याहून कडू उदाहरण जुन्या म्हणसंग्रहांत छापलेले आहे : 'गाव तिथे महारवाडा'. कुठेही गेले तरी काही वाईट, काही घाणेरडे असायचेच, असा त्याचा अर्थ शांतपणे दिलेला असतो. ही म्हण महारवाड्यातून निघालेली नाही, हे सांगायला कोश लागत नाही. ज्या वर्गात आपण म्हणी शिकतो त्याच वर्गात त्या वस्तीतले आमचे मित्र बसलेले असतात. त्यांनी ही म्हण 'वाक्यात उपयोग करून' दाखवायची काय? ती संग्रहातून काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. काढून टाकली तर तिच्याबरोबर पुरावाही जाईल. पण तिच्यापुढे ही कुणाची वाणी, हे लिहिले पाहिजे. आणि मघाचीच तारीख पुन्हा पाहा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला. मध्ये जाळपोळ झाली, माणसे मेली, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. तेव्हापासून मराठवाड्यातल्या हजारो घरांत या दिवशी गोडधोड होते. 'संक्रांत आली' हे वाक्य त्या घरांत उच्चारून पाहावे, अर्थ बदललेला आढळेल. गाईड छापणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

भाषा अशी आपल्या डोळ्यांदेखत बदलत असते. नातवाने घर डोक्यावर घेतले की आमची आजी अजून ओरडते, "काय रे लेकरा, रझाकारी लावलास व्हय!" कासीम रझवी लातूरला वकिली करत होता, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत रझाकारांचा कारभार संपला, हे आपण इतिहासात वाचतो. आजीला ते सनावळीसकट ठाऊक नाही. तिला रात्री गाव सोडून पळालेली तिची आई ठाऊक आहे. तिच्या लेखी रझाकार हा जुलूम करणाऱ्या टोळीचा शब्द आहे, शेजारच्या मुसलमान चाचीचा नव्हे; त्या चाचीनेच त्यांची जनावरे सांभाळली होती. हा फरक आजीला कळतो. शब्द तिच्याकडून उचलून सभेत वापरणाऱ्यांना तो कळेल की नाही, याची मला शंका आहे. म्हणूनच शब्दाबरोबर त्याची हकीकतही टिपून ठेवावी लागते.

दाते-कर्वे यांनी १९४० च्या दशकात 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन भागांत काढून मराठीवर मोठे उपकार केले आहेत. त्याआधी मॅनवेरिंग नावाच्या मिशनरी गृहस्थाने १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला होता. पण मोल्सवर्थ काय, मॅनवेरिंग काय, दाते-कर्वे काय, ही कामे घडली ती इंग्रजी अमलातल्या मुलखात. आपला प्रांत तेव्हा निजामाच्या राज्यात, उर्दू दप्तराखाली होता. मोंढ्यातली, माळेगावच्या जत्रेतली, किनवटच्या रानातली बोली त्या पानांवर तुरळकच दिसते. आपल्या महाविद्यालयात मराठी विभाग आहे, इतिहास विभाग आहे, सुट्टीत गावाकडे जाणारी तीन-चारशे मुले-मुली आहेत. दरवर्षी याच अंकात आपण पावसावर आणि आईवर कविता छापतो. त्यातली चार पाने तरी आजी-आजोबांच्या तोंडच्या म्हणींना, कुणी म्हटली, कोणत्या प्रसंगी म्हटली, एवढ्या माहितीसह द्यावीत, अशी माझी संपादक मंडळाला सूचना आहे. गोष्ट चटकदार नसली तरी चालेल.

जाता जाता एक सांगायचे राहिले. मागच्या चाचणी परीक्षेत हाच प्रश्न होता. मी वाक्य लिहिले : 'ज्वारी रुपयाला पाच शेर झाली तेव्हा मजुरांची पाचावर धारण बसली आणि सावकाराची बसली नाही.' सरांनी शेजारी तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढून मला स्टाफरूममध्ये बोलावले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणालो, "सर, आडतीवर." त्यांनी कोश मागवला, 'धारण' काढून पाहिले, बराच वेळ पाहिले. गुण वाढवले नाहीत. पण मी दारापाशी पोचल्यावर त्यांनी विचारले, "ते मुनीम कोणत्या दिवशी असतात दुकानावर?"

"रोजच असतात, सर. सौदा निघेपर्यंत."